दोन घरचा पाहुणा, निळ्या कोटात: सॉमरसेट अँड डॉर्सेटचे डबे

रूळवेडा (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मुक्काम पोस्ट बाथ, इंग्लंड. घरापासून चालत वीस मिनिटांवर एक जुना रेल्वे बोगदा आहे, आणि या धाग्याचं सगळं पाप त्या बोगद्याचं. नाव कूम डाउन. (स्पेलिंगवरून मी वर्षभर 'कोंब डाउन' म्हणत होतो. शेवटी शेजारच्या आजोबांनी एक दिवस हात जोडले.) लांबी १,८२९ यार्ड, म्हणजे पावणेदोन किलोमीटरला थोडा कमी. २०१३ पासून त्यातून सायकलवाले आणि चालणारे जातात. आत गारवा, मिणमिणते दिवे आणि मधल्या टप्प्यात हळू आवाजात संगीत. पण मान वर करून छताकडे बघा. विटांवर अजून काजळी आहे. शेवटची गाडी १९६६ च्या मार्चमध्ये गेली, काजळी काही गेलेली नाही.

ही लाइन सॉमरसेट अँड डॉर्सेट जॉइंट रेल्वेची, थोडक्यात एस अँड डी. बाथहून मेंडिप टेकड्या चढून-उतरून दक्षिणेला बोर्नमथच्या समुद्रापर्यंत, साधारण ७१ मैल. 'जॉइंट' कशी झाली ते थोडक्यात सांगतो. मूळ कंपनी छोटी आणि कायम तंगीत. तिने हिंमत करून बाथपर्यंतचा डोंगरातला फाटा बांधला, तो २० जुलै १८७४ ला सुरू झाला आणि त्यातच कंपनीचं दिवाळं वाजायची वेळ आली. विकायला काढली तेव्हा आधी ग्रेट वेस्टर्नशी बोलणी चालली होती. ग्रेट वेस्टर्नने सभ्यपणा म्हणून शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्नच्या कानावर घातलं. साउथ वेस्टर्नवाले तडक मिडलंड कंपनीकडे गेले, दोघांनी मिळून जास्त बोली लावली आणि १ नोव्हेंबर १८७५ पासून ९९९ वर्षांच्या कराराने लाइन पदरात पाडून घेतली. ग्रेट वेस्टर्न बसली हात चोळत.

म्हणजे मालक दोन. इंजिनांचं बघायचं मिडलंडने, रूळ आणि सिग्नल बघायचे साउथ वेस्टर्नने. आता मुद्द्याचं. मिडलंडचे डबे गडद किरमिजी. साउथ वेस्टर्नचे डबे वर फिकट गुलाबीसर, खाली तपकिरी. आपल्याकडचा कुठलाही समजूतदार माणूस म्हणाला असता की यातला एक रंग घ्या, नाहीतर निम्मे याचे निम्मे त्याचे. यांनी काय केलं, तर १८८० च्या दशकात इंजिनं आणि डबे दोन्हींना दोघांपैकी कुणाचाच नसलेला रंग दिला: गडद प्रुशियन निळा. त्यावर सोनेरी-पिवळ्या रेघा, सोनेरी अक्षरं आणि बाथ शहर व डॉर्चेस्टर यांची चिन्हं एकत्र केलेली मुद्रा.

डबे बनायचे सॉमरसेटमधल्या हायब्रिज गावात, कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यात. तीन आसांचे, म्हणजे सहाचाकी लाकडी डबे, पुढे बोगीवालेही, म्हणजे दोन्ही टोकांना वळणाऱ्या चाकगाड्यांवर बसवलेले. आरपार जायला वाट नाही, प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी स्वतःचं दार.

मी चार मिलिमीटर स्केलमध्ये, म्हणजे मूळ डब्याच्या सुमारे १/७६ आकारात, असा एक सहाचाकी डबा बनवतोय. पितळी पत्र्याचा किट, सोल्डरिंग झालं, चाकं फिरतात. रंगाशी येऊन अडलो. 'एस अँड डी निळा' म्हणून तीन ठिकाणांहून तीन डब्या मागवल्या. एक शाळेच्या शाईसारखी, एक जवळजवळ काळी आणि तिसरीत सरळ मोरपंखी झाक. दुकानांची नावं घेत नाही. तिघांचाही दावा एकच: 'अधिकृत छटा'.

तर प्रश्न: खरा निळा कुठला? आणि ते शोधायचं कसं?

आगगाडीकर

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत, आणि डब्याचा फोटो टाका, नुसती वर्णनं नकोत.

खडूस_मी

लेख बरा आहे. पण साहेबाच्या मेलेल्या लाइनच्या डब्याचा निळा थोडा इकडे की तिकडे, याने आपल्याला काय फरक पडतो? हलकेच घ्या.

मीटरगेज_मिरज

मला आधी 'जॉइंट' समजावून सांगा कुणीतरी. आमच्या मिरजेला पूर्वी मीटरगेज एम अँड एसएमची (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) आणि नॅरोगेज बार्शी लाइटची. स्टेशनाचं गाव एकच, पण रूळ, डबे, माणसं सगळं वेगळं. याला जॉइंट म्हणायचं का?

रूळवेडा

@मीटरगेज_मिरज, नाही. मिरजेत दोन बिऱ्हाडं एका वाड्यात होती. जॉइंट म्हणजे दोन भावांनी मिळून एक दुकान काढलं, तिसऱ्याच नावाने. कमिटी वेगळी, गणवेश वेगळा, डब्यांवर नाव वेगळं. नफा-तोटा मालकांच्या खात्यात. ब्रिटनमध्ये अशा बऱ्याच होत्या. सगळ्यांत लांब मिडलंड अँड ग्रेट नॉर्दर्न जॉइंट, नॉरफोकच्या बाजूला, १८० मैलांच्या वर. १८९३ मध्ये झाली. तिची प्रवासी इंजिनं पिवळी होती! गॉर्स नावाचं काटेरी झुडूप असतं, त्याच्या फुलांवरून रंगाला नाव पडलं 'गोल्डन गॉर्स'. फोटोतले आणि मॉडेलमधले रंग बघून मला तरी आंबापोळी आठवते.

आणि दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण तिकडच्या लोकांना माहीत नव्हती तरी अनुभव होता. त्या नॉरफोकच्या लाइनला लोक आद्याक्षरांवरून 'मडल अँड गेट नोव्हेअर' म्हणायचे, म्हणजे गोंधळ घाला आणि कुठेच पोचू नका. आमच्या एस अँड डीला 'स्लो अँड डर्टी'. प्रेमात असलेले 'स्विफ्ट अँड डिलाइटफुल' म्हणायचे. वेळेवर न पोचलेल्या माणसाच्या तोंडी अर्थातच पहिलं नाव.

दूरचीपाहुणी

मँचेस्टरहून हात वर करते. 😀 आमच्याकडची चेशायर लाइन्स कमिटी विसरू नका, तिला तर तीन मालक. नाव चेशायर, पण मँचेस्टर-लिव्हरपूल हा मुख्य मार्ग बराचसा लँकेशायरमधून. गंमत म्हणजे कमिटीकडे डबे स्वतःचे, इंजिनं मात्र मालकांकडून आणलेली. स्वतःची म्हणावीत अशी फक्त वाफेवर चालणारी चार सेंटिनेल रेलकार (इंजिन अंगातच असलेले डबे), तीही १९२९ ची.

आणि रंगाचा प्रश्नच नाही. डबे सागाचे, वरून नुसतं व्हार्निश. त्यामुळे आमच्याकडे तुमच्यासारखी भांडणं होत नाहीत.

माटुंगा_पेंटशॉप

पाहुणीताई, सागाची भांडणं होत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी ३४ वर्षं डब्यांच्या रंगकामात काढली, १९७१ ला लागलो. व्हार्निश मारलेला साग पहिल्या वर्षी मधासारखा, पाचव्या वर्षी गुळासारखा आणि दहाव्या वर्षी काळ्या गुळासारखा. फळी बदलली की नवी फळी ठिगळासारखी दिसते. मग शेवटी रंगारी काय करणार? खाली पिवळट हात, त्यावर पातळ तपकिरी, आणि ओला असतानाच कंगव्याने रेघा ओढायच्या. लांबून साग. याला आम्ही ग्रेनिंग म्हणायचो. इंग्लंडात जुन्या साध्या लाकडाच्या डब्यांना असंच सागाचं सोंग दिलं जायचं हे आमच्या उस्तादांनी सांगितलं होतं.

रूळवेडा, तुमच्या निळ्याबद्दल सांगतो, पण जरा बैजवार लिहावं लागेल. संध्याकाळी लिहितो.

रूळवेडा

काका, वाट बघतोय. @दूरचीपाहुणी, काकांचं खरं आहे. नॉरफोकच्या त्या पिवळ्या इंजिनांमागेही असे सागाचे आणि सागासारखे रंगवलेले डबे असायचे.

निळीशाई

चित्रकार म्हणून माझे दोन पैसे.

प्रुशियन ब्ल्यू म्हटलं की एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला ती ट्यूब आठवेल. टोकावर घ्यावा तर काळा दिसतो, पाण्यात सोडला तर हिरवट निळा पसरतो, आणि चुकून जास्त पडला की अख्खं चित्र गिळतो. तुमच्या तीन डब्या म्हणजे कदाचित एकाच रंगाचे तीन चेहरे आहेत.

हा रंग १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डिसबाख नावाच्या रंग बनवणाऱ्याकडून अपघातानेच सापडला. करायला गेला लाल, झाला निळा. रसायन म्हणून लोखंडाचंच एक संयुग. त्याची रंग पाडायची ताकद भयंकर, म्हणून तो नुसता क्वचितच वापरतात. पांढरा किंवा काळा किती मिसळला यावर सगळं.

कुणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगते: कपड्यांची नीळ ती ही नव्हे. आपल्या घरात जी नीळ यायची ती बहुतेक अल्ट्रामरीन, तिच्यात जांभळी झाक असते. प्रुशियनमध्ये हिरवी झाक. त्यामुळे तुमची ती मोरपंखी डबी मी तरी लगेच फेकणार नाही.

जुनानकाशीवाला

निळीशाईताईंना +१. मी पाटबंधारे खात्यात होतो. ज्यांनी खरी जुनी ब्ल्यूप्रिंट हाताळली आहे, पांढऱ्या रेघा आणि निळी पार्श्वभूमी असलेली, त्यांनी हाच रंग बघितला आहे. ती निळाई म्हणजे कागदाच्या धाग्यात तयार झालेला प्रुशियन ब्ल्यू. एक गंमत: अशी नकाशाची घडी उन्हात राहिली की फिकी पडते आणि परत अंधाऱ्या कपाटात ठेवली की बराचसा रंग परत येतो. आणि चुना किंवा सोड्याचं पाणी लागलं की संपलं, निळ्याचा तपकिरी डाग. म्हणून चुन्याच्या भिंतीला हा रंग चालत नाही.

खडूस_मी

म्हणजे डबा सोड्याने धुतला की मिडलंडचा आणि अंधारात ठेवला की एस अँड डीचा. उत्तम संयुक्त मालकी.

माटुंगा_पेंटशॉप

खडूसराव, हसलो. पण सोड्याचा मुद्दा खरा आहे आणि त्याचं उत्तर व्हार्निश. आता लिहितो.

लाकडी डब्याला रंग देणं म्हणजे भिंत रंगवणं नव्हे. आधी प्रायमर. मग लांबी (पुट्टी) भरायची, एकदा नाही, चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी दगडाने पाणी लावून घासायचं. हात फिरवल्यावर फळीचा सांधा बोटाला लागता कामा नये. आमचे उस्ताद डोळे मिटून हात फिरवायचे, आणि बोट जिथे थांबलं तिथे खडूने फुली. त्या फुलीला आम्ही घाबरायचो. मग अंगचा रंग, दोन-तीन हात, बेलतेलात, म्हणजे जवसाच्या तेलात, मळलेला. मग रेघा आणि अक्षरं. आणि सगळ्यात वर व्हार्निश, तेही तीन-चार हात. जुन्या पद्धतीत सगळे मिळून पंधरा-वीस हात सहज व्हायचे, आणि डबा काही आठवडे पेंटशॉपमधून हलायचा नाही.

आता बघा. निळा रंग खाली, वर व्हार्निशचे चार थर. जवसाच्या तेलाचं व्हार्निश काळाबरोबर पिवळं पडतं. निळ्यावर पिवळी काच ठेवली तर काय दिसेल? हिरवट. त्यावर तुमच्या त्या बोगद्यातला धूर. म्हणजे कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा डबा आणि सहा वर्षांनी परत रंगायला आला तो डबा, दोन्ही खरे, दोन्ही वेगळे. कुठल्या दिवसाचा डबा करायचाय ते आधी ठरवा, मग डबी उघडा.

रूळवेडा

काका, दंडवत. 'कुठल्या दिवसाचा डबा' हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

धुराचं म्हणाल तर त्या बोगद्याला हवा खेळती राहायला वर भोक नव्हतं. बाथहून निघालं की १ ला ५० चा चढ, म्हणजे पन्नास फुटांमागे एक फूट, मग एक छोटा बोगदा आणि लगेच हा. २० नोव्हेंबर १९२९ ला बाथकडे येणाऱ्या मालगाडीचं इंजिन उलटं, टेंडर (कोळसा-पाण्याची गाडी) पुढे करून येत होतं. बोगद्यात गाडी इतकी रेंगाळली की धुराने इंजिनवरची माणसं बेशुद्ध पडली. गाडी कशीबशी माथ्यावर आली, पलीकडच्या उताराला लागली आणि कुणाचाही हात नसताना सुसाट बाथच्या माल-यार्डात घुसली. ड्रायव्हरसह तीन माणसं गेली. ते इंजिन, नंबर ८९, दुरुस्त झालं आणि आजही जपलेलं आहे. त्या बोगद्यातून रोज जाणाऱ्या डब्याचं व्हार्निश काय राहणार!

घाटउतार

मी सहायक लोको पायलट, कर्जत-लोणावळा केलंय, अर्थात विजेवर. आमचा घाट १ ला ३७. त्या मानाने १ ला ५० ऐकायला सोपा वाटतो, पण वाफेवर, बंद बोगद्यात, एकेरी लाइनवर, नको रे बाबा. आमचे जुने लोक सांगायचे, बोगद्यात शिरताना ओला फडका तोंडाला.

आगगाडीकर

फोटो अजून आलेला नाही. नोंद घ्यावी.

प्लेटवाला

रंग शोधायला जुने फोटो बघताय का? मग थांबा, तिथे मोठा खड्डा आहे.

त्या काळच्या काचेच्या साध्या प्लेटला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा. म्हणजे फोटोत निळी वस्तू असते त्यापेक्षा उजळ येते आणि लाल-पिवळी वस्तू काळपट. मिडलंडचा किरमिजी डबा त्यात जवळजवळ काळा दिसणार आणि तुमचा गडद निळा मध्यम राखाडी. त्याहून वाईट म्हणजे निळ्यावरची पिवळी रेघ निळ्यापेक्षा *गडद* येऊ शकते! लोक फोटो बघून 'रेघा काळ्या होत्या' असं छातीठोक सांगतात ते यामुळे. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या, त्यांना हिरवा-पिवळाही दिसू लागला, लालाला मात्र त्याही आंधळ्याच. आणि फोटो कुठल्या प्लेटवर काढलाय ते फोटोवर लिहिलेलं नसतं.

आणखी एक. इंजिन-डबे बनवणारे कारखाने जाहिरातीच्या फोटोसाठी कधी कधी पूर्ण इंजिन राखाडी रंगवायचे, फोटोत बारकावे उठून दिसावेत म्हणून. फोटो झाला की खरा रंग. त्या फोटोवरून रंग काढायला बसलात तर आयुष्य गेलं.

घरी करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. तुमच्या तिन्ही निळ्यांच्या पट्ट्या रंगवा, वर पिवळी रेघ ओढा, शेजारी एक किरमिजी पट्टी ठेवा. मोबाइलवर फोटो काढा आणि कुठल्याही फोटो-ॲपमध्ये फक्त निळा चॅनल ठेवून कृष्णधवल करा. जुन्या साध्या प्लेटच्या बरंच जवळ जातं.

रूळवेडा

हे भारी आहे. शनिवारी करतो.

खडूस_मी

प्रयोग होईपर्यंत माझा मूळ प्रश्न तसाच. आपला संबंध काय?

डेक्कन_७१५

खडूसराव, घ्या संबंध.

१ जून १९३०, पुणे-मुंबई डेक्कन क्वीन सुरू झाली. जीआयपीने (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे संच, केले. खालच्या चौकटी इंग्लंडमधून आल्या, वरचे सांगाडे मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात बांधले. एक रेक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा रेक रॉयल ब्ल्यू, त्यावर सोनेरी रेघा.

निळा आणि सोनेरी. आता धागालेखकांनी सांगावं, १९३० मध्ये त्यांच्या लाइनचं काय झालं?

रूळवेडा

अरे देवा. मी दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचलेल्या, शेजारी कधी ठेवल्या नव्हत्या.

१ जुलै १९३०. बरोबर एक महिन्याने. तोपर्यंत मिडलंड गेली होती एलएमएसमध्ये (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वे) आणि साउथ वेस्टर्न सदर्न रेल्वेत, १९२३ च्या एकत्रीकरणात. जॉइंट लाइन तशीच दोघांच्या सामाईक होती. १९३० मध्ये दोघांनी काटकसर म्हणून घर वाटून घेतलं: इंजिनं एलएमएसकडे, डबे सदर्नकडे. हायब्रिजचा कारखाना बंद, सुमारे ३०० माणसांची कामं गेली. छोट्या गावात तीनशे म्हणजे किती घरं, विचार करा. इंजिनांना एलएमएसने काळा फासला, डब्यांना सदर्नने हिरवा. निळा संपला. जुने सहाचाकी डबे तर रंगवण्याचीही तसदी फारशी कुणी घेतली नसेल, त्यांची भंगारात जायची वेळ आलीच होती. त्या काळी ब्रिटनभर अशा जुन्या डब्यांचे सांगाडे चाकांवरून उतरवून शेतातली कोठारं, क्रिकेटची पॅव्हेलियनं, चक्क राहती घरं म्हणून विकले जायचे. आज जे थोडे जुने लाकडी डबे वाचलेत त्यांतले बरेच असे कुणाच्या तरी परसात सापडलेले आहेत.

म्हणजे तिकडे शेवटचे निळे-सोनेरी डबे हिरवे होऊ लागले तेव्हा इकडे माटुंग्याचा निळा-सोनेरी रेक महिन्याचा होता.

माटुंगा_पेंटशॉप

मी त्या रेकनंतर चाळीस वर्षांनी लागलो, पण आमच्या उस्तादांचे उस्ताद त्या वेळचे. डबे ठरल्या तारखेला रंगून निघाले पाहिजेत, साहेब रोज चक्कर मारायचे, असं ते सांगत असत. सोनेरी रेघ मात्र एकाच माणसाने ओढायची, दोन माणसांच्या दोन रेघा कधी सारख्या येत नाहीत. श्वास सोडताना ओढायची, घेताना नाही. मीही तसंच शिकलो. रूळवेडा, तुमच्या त्या बोटभर डब्यावरही हेच करा.

खडूस_मी

बरं. संबंध मान्य. प्रश्न मागे घेतो. खडूस आहे, दगड नाही.

दूरचीपाहुणी

काकांचा 'श्वास सोडताना' मी आत्ताच नखं रंगवताना करून पाहिला. चालतं.

अवांतर: चेशायर लाइन्सचं कौतुक एवढ्यासाठी की १९२३ चं एकत्रीकरण झालं, सगळे मालक बदलले, तरी कमिटी १९४८ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत तग धरून होती. तिचं मँचेस्टर सेंट्रल स्टेशन आता परिषदांचं सभागृह आहे. मागच्या महिन्यात ऑफिसच्या एका परिषदेला तिथेच बसले होते. भाषण कंटाळवाणं होतं, पण छताची ती प्रचंड कमान बघत दोन तास निघाले.

मीटरगेज_मिरज

रूळवेडा, स्टेशनवर हे तिन्ही रंग एकत्र दिसत असतील ना?

रूळवेडा

हो, आणि मला वाटतं तेच या लाइनचं खरं दृश्य. उन्हाळ्यात उत्तरेकडून, मँचेस्टर-बर्मिंगहॅमकडून समुद्राला जाणाऱ्या थेट गाड्या यायच्या. डबे मिडलंडचे किरमिजी, पण बाथला पोचल्यावर पुढे एस अँड डीचं निळं इंजिन. बाथचं ग्रीन पार्क स्टेशन शेवटचं, म्हणजे गाडी शिरली तशीच उलटी निघणार. तिकडे टेम्पलकूमला साउथ वेस्टर्नची लंडनहून येणारी मुख्य लाइन, तिथे गुलाबी-तपकिरी डबे. आणि या सगळ्यांत लोकलला जोडलेले आपले छोटे निळे सहाचाकी, दर स्टेशनला थांबत, दुधाच्या कॅन चढवत.

टेम्पलकूमला तर वेगळाच तमाशा. एस अँड डीची लाइन मुख्य स्टेशनाच्या खालून जायची. त्यामुळे बऱ्याच गाड्यांना मागून दुसरं इंजिन लावून वरच्या फलाटापर्यंत ओढत न्यायचं, माणसं चढली-उतरली की परत तसंच मागे आणून मार्गाला लावायचं. रोज. नव्वद वर्षं. 'स्लो' हे नाव उगाच पडलं नव्हतं.

ग्रीन पार्कची कमान अजून उभी आहे, खाली आता बाजार भरतो. मी तिथे भाजी घेतो.

निळीशाई

शनिवार होऊन गेला. प्रयोगाचं काय?

रूळवेडा

केला! फोटो खाली जोडतोय, @आगगाडीकर, नोंद घ्यावी.

प्लास्टिकच्या चार पट्ट्या. शाईसारखा निळा, काळपट निळा, मोरपंखी आणि शेजारी किरमिजी. तिन्ही निळ्यांवर पिवळी रेघ. रेघेसाठी जुनं रुलिंग पेन, आणि काका, श्वास सोडताना ओढली. पहिल्या चार पुसल्या, पाचवी जमली.

निळ्या चॅनलमध्ये कृष्णधवल केल्यावर किरमिजी पट्टी कोळसा. तिन्ही निळ्या उजळल्या, काळपट पट्टीसुद्धा राखाडी झाली. आणि पिवळी रेघ प्लेटवाल्यांनी सांगितलं तशी निळ्यापेक्षा गडद! बायकोला दाखवलं, तीही म्हणाली, अरे ही तर काळीच रेघ आहे. नंतर मूळ रंगीत फोटो दाखवला तेव्हा तिचा विश्वास बसेना.

म्हणजे जुन्या फोटोतली 'काळी रेघ' पिवळी असू शकते हे मला पटलं. पण छटा कुठली, हे काही फोटो सांगत नाही. तिन्ही निळ्या त्यात जवळपास सारख्याच.

आणखी एक झालं. पट्ट्या खोलीत पिवळ्या दिव्याखाली बघितल्या तेव्हा काळपट पट्टी बरोबर वाटली. सकाळी खिडकीत नेल्या तर तीच मेल्यासारखी आणि शाईवाली बरोबर.

निळीशाई

म्हणून सांगते, जिथे मॉडेल मांडणार त्याच दिव्याखाली रंग ठरवा. आणि एवढ्या छोट्या वस्तूवर खऱ्यापेक्षा किंचित उजळ रंग घ्या. तळहातावरचा डबा खऱ्या रंगात रंगवला की काळा दिसतो. मोठा डबा आपण उन्हात, लांबून बघतो, मधली हवा रंग थोडा फिका करते.

रूळवेडा

ठरलं मग. नुकताच रंगून हायब्रिजहून निघालेला डबा करतोय, साधारण १९०० सालचा, धूर लागायच्या आधीचा. शाईवाला निळा, त्यात थेंबभर काळपट. मोरपंखी ठेवून दिलाय. पुढे दुसरा डबा केला तर तो सहा वर्षं बोगद्यातून गेलेला करीन.

अंगचा रंग काल झाला. आज व्हार्निश मारू का, काका?

माटुंगा_पेंटशॉप

अजिबात नाही. वरून वाळला तरी आतून ओला असतो. तीन दिवस डब्याला हात लावायचा नाही. आणि हवेत दमटपणा असेल त्या दिवशी व्हार्निशची बाटली उघडायचीच नाही, वर दुधाळ साय धरते. कोरडा दिवस बघा.

रूळवेडा

काका, हे बाथ आहे. कोरडा दिवस.

माटुंगा_पेंटशॉप

मग हायब्रिजवाले काय करत होते असं वाटतं तुम्हाला? पेंटशॉप गरम ठेवत असणार. तुम्ही डबा एका मोठ्या बरणीखाली झाका, खोलीत हीटर लावा, आणि घरात दोन दिवस कुणी झाडू मारू नका. धूळ बसली तर मी जबाबदार नाही.

रूळवेडा

झाडूचं बायकोला सांगितलं. तिला फार आनंद झाला.